सरकीची भावली

परतूरच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मी लहान वर्गाला शिकवत होते, तेव्हा अक्षरं आधी चिंचोक्यांनी शिकवायची पद्धत होती. सारवलेल्या जमिनीवर मी खडूनं 'ग' काढायचा आणि मुलींनी त्या रेघेवर एकेक चिंचोका मांडत जायचा. पाटी फुटते, पेन्सिल हरवते, चिंचोके मात्र कुणाच्याही घरी मूठभर निघतातच. अक्षर बोटांत बसवायला याहून चांगली युक्ती मला पुढेही सापडली नाही. पण चिंचोका गुळगुळीत असतो, आणि लहान मुलीच्या हातात जे येतं ते आधी तोंडात जातं. भाजलेला चिंचोका तर खायचाच पदार्थ. दिवसभर मी एकच ओरडत असायचे, "तोंडातलं काढा." माझा आवाज मुळात मोठा, त्यात स्वभाव तापट. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "तुमच्या वर्गात शिकवणं कमी अन् तोंडं तपासणंच जास्त चालतं."

राज्य निजामाचं होतं. सरकारी कागद उर्दूत, वरचे वर्ग उर्दूत, फक्त लहानांना मराठी चालायची. शाळेत आम्ही तिघीच. मोठ्या बाई, मी आणि नुकतीच लागलेली एक तरुण बाई, जी अजून मुलींनाच घाबरायची. एका वर्षी इन्स्पेक्ट्रेसबाईंचा हुकूम आला की लहान मुलींना शिकवणाऱ्या सगळ्याजणींनी प्रथमोपचार शिकून यावं. मग आम्ही तिघी डबे बांधून आगगाडीनं जालन्याला गेलो.

तिथं एक डॉक्टरीणबाई शिकवायच्या. बोलणं सगळं उर्दूत, पण हात इतके स्पष्ट की भाषेवाचून समजावं. हाड मोडलं तर फळी कशी बांधायची, रक्त कसं दाबून धरायचं, हे त्यांनी दाखवलं. भाजलं की दौतीतली शाई ओतायची नाही आणि जखमेत चुलीतली राख भरायची नाही, हेही बजावलं. शाईचं ऐकून मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आदल्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या पोळलेल्या बोटावर अख्खी दौत रिकामी केली होती.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लेकराच्या घशात काही अडकलं, तर तुमच्याकडं काय करतात?" आम्ही सगळ्या हसलो. एवढं साधं कुणाला येत नाही? सगळ्यांचे हात एकदमच आपापल्या टाळूवर गेले. लेकराला उभं धरायचं, टाळूवर थापटायचं आणि म्हणायचं, "वर बघ, वर बघ, चिमणी उडाली." ठसका लागला की आपल्याकडे प्रत्येक आई हेच करते, आणि तिच्या आईनंही हेच केलेलं असतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, साध्या ठसक्याला चालेल, तो आपला आपण जातो. लेकरू खोकतंय, रडतंय, तोवर त्याला खोकूच द्या. पण दाणा अडकून आवाज बंद झाला असेल, तर मान वर केल्यानं तो दाणा बाहेर यायचा नाही, उलट आणखी आत जाईल. मग त्यांनी एक उशी घेतली, मांडीवर पालथी टाकली, डोक्याकडची बाजू खाली झुकवली आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं थापा दिल्या. सर नीचे, पीठ पर थाप. बाकीच्या लिहून घेत होत्या. मी नुसती त्या उशीकडे बघत बसले.

मला एक धाकटा भाऊ होता, नुकता बोलायला लागलेला. आम्ही तीर्थपुरीजवळच्या एका वाडीत राहायचो. त्या दिवशी मायनं मला आणि त्याला ओंजळीत फुटाणे दिले होते. मी त्याला हसवत होते आणि तो हसता हसता थांबला. रडला नाही, खोकला नाही, नुसतं तोंड उघडं. मायनं धावत येऊन त्याला उचललं, छातीशी उभं धरलं आणि टाळूवर थापटत म्हणत राहिली, "वर बघ माझ्या राजा, वर बघ." त्यानं बघितलंही. त्याचे डोळे छपराकडे लागले ते तसेच राहिले.

सकाळीच शेजारच्या काकूंनी त्याच्या गालाला हात लावून "काय गोड लेकरू हाय" म्हटलं होतं. काकूंना मूल नव्हतं. मग काय, वाडीनं ठरवलं की दृष्ट लागली. मायनंही ते धरून ठेवलं. दोन घरांच्या मधे एकच भिंत, पण त्या दिवसापासून माय काकूंशी एक शब्द बोलली नाही. काकूंनी आधी दारात उभं राहून पाहिलं, रडून पाहिलं, नंतर त्यांनीही नाद सोडला. आम्हाला त्यांच्या अंगणात जायची बंदी होती. मला काकू आवडायच्या, म्हणून मला तर जास्तच.

जालन्याच्या त्या खोलीत, उशी बघता बघता, मला सगळं एकदम कळलं. काकूंची नजर नव्हती. मायचा हात होता, आणि त्या हाताचाही दोष नव्हता, त्याला कुणी दुसरं शिकवलंच नव्हतं. हे मायला सांगायचं नाही, एवढं मी तिथंच ठरवलं. तोवर बाप गेला होता, माय विधवा झाली होती, त्याच घरात माझ्या थोरल्या भावाच्या बायकोच्या हाताखाली दिवस काढत होती. दृष्टीवर राग काढून ती कशीबशी उभी होती. तो आधार काढून घेणारी मी कोण?

परतीच्या गाडीत मोठ्या बाई सगळी प्रश्नोत्तरं म्हणून दाखवत होत्या. आम्ही शिक्षिका, शिकणं म्हणजे आम्हाला एकच ठाऊक, तोंडपाठ करणं. मोठ्या बाईंना तर उर्दूतला एकेक शब्द स्वल्पविरामासकट पाठ झाला होता. इन्स्पेक्ट्रेसबाई तपासणीला आल्या तेव्हा मोठ्या बाईंनी सगळा पाठ असा म्हटला की त्या खूश होऊन गेल्या. आम्हाला शिक्का मारलेले दाखले मिळाले आणि मोठ्या बाईंनी ते खिळा ठोकून भिंतीवर लावले. मी घरी येऊन रोज स्वयंपाकाआधी उशी मांडीवर पालथी घालत होते. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. ते एकदा दारातून बघून म्हणाले, "उशीनं काय गुन्हा केला?" मी सांगितलं, "बसा, तुम्हालाही शिकवते." ते लगेच बाहेर गेले.

पुढे काही दिवसांनीच ते घडलं. वर्ग मोठ्या बाईंच्या ताब्यात देऊन मी आडावर पाणी प्यायला गेले होते. पोहऱ्याला हात घालते न घालते तोच वर्गातला गोंगाट एकाएकी थांबला. लहान वर्ग आपण होऊन कधी गप्प होत नाही. मी धावले. दारातून दिसलं ते असं: मोठ्या बाईंनी एका मुलीला उभं धरलं होतं, तिची हनुवटी वर केली होती, आणि त्या तिच्या टाळूवर थापटत होत्या. "वर बघ बाळा, वर बघ." त्यांच्या डोक्यावरच भिंतीला त्यांचा दाखला होता. तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मुलीचे ओठ निळसर झाले होते.

मी तिला अक्षरशः हिसकावून घेतलं. खाली बसले, मांडीवर पालथी टाकली, डोकं खाली, आणि खांद्यांच्या मधे थाप मारली. पुन्हा मारली. माझ्या तोंडातून काय शिव्या निघत होत्या ते मला आठवत नाही, पण तरुण बाई पुढे बरेच दिवस ते आठवून लाजायची. मग एक चिंचोका टक्कन जमिनीवर पडला आणि मुलगी भोकाड पसरून रडली. इतकं छान रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मोठ्या बाई भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "मला सगळं पाठ होतं हो. अजूनही आहे." आणि त्यांनी खरंच ते सगळं उर्दूतून म्हणून दाखवलं, रडत रडत, एकही चूक न करता. मला आधी संताप आला होता, तो तिथंच विरला. बाईंचं काय चुकलं? उत्तर त्यांनी या वर्षी शिकलं होतं आणि हात लहानपणापासून शिकत आले होते. घाईच्या वेळी जुनाच विद्यार्थी पुढे धावतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आम्ही तिघींनी तो जालन्याहून बांधून आणला होता.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता पाठांतर बंद. हातांना शिकवायचं. जुन्या लुगड्याची एक मोठी बाहुली शिवली आणि यजमानांकडून जिनिंगमधली सरकी मागवून ती गच्च भरली. कापूस भरला असता तर ती हलकी झाली असती. सरकीनं तिला खऱ्या लेकराचं वजन आलं, आणि मान अशी लटकायची की पहिल्यांदा उचलताना अंगावर काटा यायचा. मुली तिला भावली म्हणायला लागल्या. रोज प्रार्थना झाली की मी अचानक भावली कुणाच्या तरी अंगावर टाकायचे आणि म्हणायचे, "आवाज बंद झाला." कधी मोठ्या बाई हजेरी घेत असताना, कधी तरुण बाई वेणी घालत असताना. पहिले कित्येक दिवस मोठ्या बाईंचा हात आधी टाळूवरच जायचा. त्या स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या. मी सोडणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्याही सोडणार नव्हत्या. मग एके दिवशी पोळी खाता खाता मी भावली टाकली, आणि बाईंनी घास खाली ठेवायच्या आधी ती पालथी केली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

पण गाव काही शाळेच्या चार भिंतींत बसत नाही. मुली घरी जाऊन लहान भावंडांवर थापा मारायला लागल्या. आया शाळेच्या दारात आल्या. एक म्हणाली, "बाई, लेकरं उलटी टांगायला शिकवून राह्यल्या का तुमी?" दुसरी म्हणाली, "पालथं लेकरू म्हंजी अपशकून. आमच्यात असं बिलकुल चालत न्हाई." मी समजावलं, मग भांडले, पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोघींनी मुली शाळेतून काढल्या, आणि ज्या राहिल्या त्यांच्या आया मला रस्त्यात बघून पदर सावरत बाजूला व्हायला लागल्या. शाळेत लेकरू दिवसातून थोडाच वेळ असतं. बाकीचा वेळ ते या बायकांच्या हातात असतं, आणि यांचे हात मोठ्या बाईंसारखेच. तेव्हा मी संक्रांतीचं हळदीकुंकू घरी करायचं ठरवलं. हळदीकुंकवाला बोलावल्यावर कोण नाही म्हणतं? वाण लुटायला तर सगळ्याच येतात.

मी घरोघर जाऊन बोलावणी केली. तिळगूळ झाला, सुगडं आणली, भावलीला नवं झबलं शिवलं. आणि आदल्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. माय आली होती, न सांगता, फडक्यात बांधलेले तीळ आणि बाजरीचं पीठ घेऊन.

"तुला उगं बघून जावं म्हन्लं," ती म्हणाली. "काय झालं? तोंड काहून पडलं तुझं?"

मी म्हटलं काही नाही. पण रात्रभर माझा डोळा लागला नाही. भावली मी धान्याच्या कणगीमागे लपवली होती. हळदीकुंकू पुढे ढकलावं, नाहीतर नुसते तीळ वाटून बायकांना वाटेला लावावं, असं मनात येत होतं. मग त्या मुलीचे निळे ओठ आठवायचे. आणि मग आठवायची माय, सकाळी तुळशीला पाणी घालताना शेजारच्या भिंतीकडे पाठ करणारी. एकीला वाचवायचं तर दुसरीला मारायचं, असं काहीतरी ते होतं. उजाडता उजाडता मला देवाचाही राग आला. नंतर उठले, कणगीमागून भावली काढली आणि झटकून दिवाणखान्यात नेऊन ठेवली. मायला मी एवढंच सांगितलं की बायकांना शाळेतलं काही दाखवायचं आहे.

"दाव की," माय म्हणाली. "मी आत बसते."

विधवेनं हळदीकुंकवात पुढे यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती स्वयंपाकघरात दाराआड पाट घेऊन बसली.

बायका आल्या, खोली भरली. कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला. मी भावली मांडीवर घेतली तशा दोघीतिघी उठायला लागल्या. मोठ्या बाई दारात आडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "वाण घेतल्याबिगर जायचं न्हाई." त्यांचं ते एरवीचं शुद्ध बोलणं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. मी सुरुवात केली. लेकरू खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पालथं, डोकं खाली, इथं थाप. "आणि टाळूवर थापटायचं नाही," मी म्हटलं. दाराच्या फटीतून मायच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "वर बघ म्हणायचं नाही. वर बघितलं की दाणा आत जातो. त्यानं लेकरू जातं."

खोलीत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "असं कुठं असतंय का? आमी सगळी लेकरं तशीच वाढवली."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि माय बाहेर आली. पांढरं कपाळ घेऊन, भर हळदीकुंकवात. बायका अंग चोरून सरकल्या. ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली आणि तिनं भावली उचलली. वजन लागलं तसे तिचे हात क्षणभर थांबले. नवं झबलं तिनं बोटांनी नीट केलं. मग ती त्या म्हातारीकडे बघून म्हणाली, "असतंय. माझं लेकरू तसंच गेल्तं. मीच वर बघाय लावलं व्हतं त्याला."

माय माझ्याकडे वळली. "कसं धरायचं? बराबर दाव."

मी तिचे हात धरले. भावली तिच्या मांडीवर पालथी केली, डोकं गुडघ्याच्या खाली घेतलं, आणि तिच्या तळहाताची टाच दोन खांद्यांच्या मधे ठेवली. तिनं थाप मारली. "जोरात?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा मारली, आणि पुन्हा, आणि मारतच राहिली. सरकीचा आवाज खोलीभर होत होता. मी रडत होते. ती रडत नव्हती. शेवटी तिनं हात थांबवला, भावली त्या म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता तुमी." त्या दिवशी एकही बाई भावलीला हात लावल्याशिवाय घरी गेली नाही.

माय राहिली ते दिवस या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही, मला हिंमत नव्हती. जायच्या सकाळी गाडी जुंपून झाली, गाडीवान कासरे धरून बसला, तेव्हा ती ओसरीवर थांबली.

"मला तवा हे ठावं असतं," ती म्हणाली, "तर वाचला असता का गं?"

खोटं बोलायची ती वेळ होती. पण भर हळदीकुंकवात उठून खरं बोललेल्या बाईशी मी खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "असता, माय. बहुतेक वाचला असता."

तिनं मान हलवली. मग आत गेली आणि भावली काखेत घेऊन बाहेर आली.

"तू दुसरी शिव. ही मी नेती."

"वाडीत दाखवशील?"

"दावीन समद्यांला," ती गाडीत चढत म्हणाली. "पर आधी शेजारणीच्या दारात जाती."